भावाच्या रेषा: चलथाणहून पाहताना

सुरत–भुसावळ लोहमार्गावर उधना मागे पडलं की थोड्याच वेळात चलथाण येतं. पलसाणा तालुक्यातल्या या गावाची जुनी ओळख साखर कारखान्याची. चलथाण विभाग खांड उद्योग सहकारी मंडळी हे त्याचं नाव. आता कडोदऱ्याच्या बाजूने यंत्रमागांची खाती आणि डाइंग-प्रिंटिंगच्या मिल गावाला येऊन भिडल्या आहेत. या पट्ट्यात खानदेशातून आलेली माणसं फार. कुणी मागावर, कुणी मिलमध्ये, कुणी दुकान टाकून स्थिरावलेलं. आणि हंगाम लागला की धुळे-नंदुरबारकडून ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात त्या वेगळ्याच. इथल्या एका घराची मिळकत किती भावांना बांधलेली असते, ते पाहण्यासारखं आहे. उसाचा भाव, साखरेचा भाव, पॉलिएस्टर सुताचा भाव, त्या सुतामागे कच्च्या तेलाचा, आणि गावी वडिलांच्या शेतातल्या कापसाचा. त्यात गेल्या काही वर्षांत शेअर बाजाराची भर पडली.

हे सारे भाव आता एकाच रूपात समोर येतात: मोबाइलच्या पडद्यावरची चढती-उतरती रेषा. शाळेत आपण तिला रेषालेख म्हणत होतो, बाजारात तिला चार्ट म्हणतात. अर्थशास्त्रात आणि बाजाराच्या विश्लेषणात हिचा वापर कसा झाला, कुठे ती उपयोगी पडते आणि कुठे घात करते, याचा हा आढावा. माझं मत आधीच सांगतो. रेषालेख हा घडून गेलेल्या गोष्टीचा फार चांगला दस्तऐवज आहे. मात्र त्याचा पाया, त्याचं प्रमाण आणि मोजणीतले खंड सोबत लिहिलेले नसतील, तर तीच रेषा वाचणाऱ्याच्या मनात तिने कधीच न मांडलेला निष्कर्ष रुजवते. याची किंमत सर्वांत जास्त त्यांना पडते, ज्यांना फक्त रेषा दाखवली जाते आणि तिच्यामागचे आकडे दाखवले जात नाहीत.

आर्थिक आकड्यांची रेषा काढण्याचं श्रेय विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश माणसाला जातं. वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॉटकडे त्याने आराखडे काढण्याचं काम केलं होतं. १७८६ साली त्याने इंग्लंडच्या व्यापाराचा चित्रसंग्रह छापला. त्यात जवळपास सगळ्या आकृत्या आडव्या अक्षावर वर्षं आणि उभ्या अक्षावर पौंड अशा होत्या. ईस्ट इंडीजशी होणाऱ्या आयात-निर्यातीची आकृतीही त्यात होती, म्हणजे सुरतेच्या बंदरापासून ज्या ईस्ट इंडिया कंपनीची इकडची कहाणी सुरू झाली, तिच्या व्यापाराचा हिशेब रेषेत उतरला होता.

या आकृतीचं पुढे काय झालं, ते मला फार बोलकं वाटतं. तिच्यात दोन रेषा आहेत, आयातीची वर आणि निर्यातीची खाली. बघणाऱ्याला वाटतं, दोहोंमधलं अंतर १७६० नंतरच्या काही वर्षांत फारसं बदललेलं नाही. १९८४ साली विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅगिल या संख्याशास्त्रज्ञांनी दोन्ही रेषांमधली वजाबाकी करून ती वेगळी काढली, तेव्हा त्याच काळात एक ठळक उंचवटा दिसला. आकृती दोनशे वर्षं सगळ्यांसमोर होती, पण तो उंचवटा डोळ्याला सापडत नव्हता. कारण साधं आहे. दोन रेषा एकत्र तिरप्या चढत असल्या की डोळा त्यांच्यातलं जवळचं अंतर मोजतो, उभं अंतर मोजत नाही. व्यापारातली तूट, कारखान्याचा नफा, मजुरी आणि महागाई यांच्यातला फरक, या सगळ्या गोष्टी दोन रेषांमधल्या उभ्या अंतरातच असतात. म्हणून फरक दाखवायचा असेल तर फरकाचीच रेषा काढायला हवी. वर्तमानपत्रांत आजही हे क्वचितच होतं.

आता उसाकडे येऊ. केंद्र सरकार दर हंगामाला उसाची रास्त आणि किफायतशीर किंमत, म्हणजे एफआरपी, ठरवतं. २०१३-१४ मध्ये ती क्विंटलला २१० रुपये होती, २०१७-१८ मध्ये २५५, २०१८-१९ मध्ये २७५, २०२१-२२ मध्ये २९०, २०२२-२३ मध्ये ३०५ आणि २०२५-२६ साठी ३५५. ही रेषा काढली तर बारा वर्षांत ६९ टक्के वाढ दिसते आणि ऊस उत्पादकाचं बरं चाललंय, असं चित्र उभं राहतं. पण या रेषेखाली एक गोष्ट दोनदा बदललेली आहे. एफआरपी ठराविक साखर उताऱ्यावर दिली जाते. २०१७-१८ पर्यंत तो पायाभूत उतारा ९.५ टक्के होता. २०१८-१९ पासून तो १० टक्के झाला आणि २०२२-२३ पासून १०.२५ टक्के. म्हणजे २५५ वरून २७५ ही वीस रुपयांची उडी खरी वीस रुपयांची नाही. ९.५ टक्क्यांवरचे २५५ रुपये १० टक्क्यांच्या हिशेबात सुमारे २६८ होतात. खरी वाढ सात रुपयांच्या आत आहे. २९० वरून ३०५ होतानाही असंच घडलं, तिथे पंधराचे पावणेआठ उरतात. सगळी मालिका जुन्या ९.५ टक्क्यांवर आणली, तर ३५५ चे ३२९ होतात आणि ६९ टक्क्यांची वाढ ५७ टक्क्यांवर येते. यातून महागाई अजून वजा केलेलीच नाही.

यात कुणी आकडे लपवले असं मी म्हणत नाही; उताऱ्याची अट दर वर्षीच्या घोषणेत लिहिलेली असते. ती गळते रेषा काढताना. तेरा हंगामांचे आकडे तेरा ठिपक्यांत बसतात आणि अट तळटीप होऊन बाहेर पडते.

दक्षिण गुजरातच्या सहकारी कारखान्यांची पद्धत आणखी निराळी आहे. चलथाण, बारडोली, मढी, गणदेवी, सायण, कामरेज हे कारखाने मार्चअखेरीस हंगामाचा अंतिम भाव टनावर जाहीर करतात, आणि ऊस कोणत्या महिन्यात तुटला त्याप्रमाणे भावात फरक असतो. शेतकरी मंडळी दरवर्षी या घोषणेची वाट बघतात, शेजारच्या कारखान्याशी तुलना करतात. वर्षातून एकदाच ठरणाऱ्या अशा भावासाठी तिरपी रेषा काढणं चूक आहे. ती पाहणाऱ्याला वाटतं की भाव महिन्यागणिक थोडाथोडा वाढत गेला. प्रत्यक्षात तो मार्चअखेरीस एकदम बदलतो आणि पुढच्या मार्चपर्यंत तिथेच राहतो. इथे पायऱ्यांची आकृती हवी. ऊसतोडीच्या मजुरीचंही तसंच आहे. ती टनावर ठरते आणि एकदा ठरली की अनेक हंगाम हलत नाही. पायरीची लांबी हीच त्या मजुरीची खरी गोष्ट आहे, आणि तिरपी रेषा नेमकी तीच पुसून टाकते.

साखरेचंही बघू. केंद्राने जून २०१८ मध्ये साखरेची किमान विक्री किंमत किलोला २९ रुपये ठरवली, फेब्रुवारी २०१९ मध्ये ३१ केली, आणि पुढे कित्येक वर्षं ती तिथेच राहिली. उसाची एफआरपी आणि साखरेची ही किमान किंमत एकाच चित्रात दाखवायची तर एक क्विंटलवर आणि दुसरी किलोवर, एक शेकड्यात आणि दुसरी तिशीत. अशा वेळी डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरा, असे दोन अक्ष वापरायचा मोह होतो. तो टाळावा. दोन अक्ष हातात आले की कोणतीही रेषा कोणत्याही रेषेला हवी तिथे चिकटवता किंवा छेदता येते. त्यापेक्षा दोन्ही मालिकांना २०१८-१९ मध्ये १०० मानावं. साखर उतारा सारखा धरला तर २०२५-२६ मध्ये उसाची रेषा सुमारे १२६ वर येते. साखरेची किमान किंमत त्याच हंगामातल्या ३१ रुपयांना १०० मानून आडवी जाते. कारखान्यांचं गाऱ्हाणं या चित्रात स्वच्छ दिसतं. तरी एक गोष्ट लिहायलाच हवी की ही किमान किंमत आहे, बाजारातली किंमत नाही. साखर याहून वरच्या भावानेही विकली गेली आहे, आणि त्या रेषेशिवाय हे गाऱ्हाणं अर्धंच राहतं.

पाया बदलण्याचा सगळ्यांत मोठा नमुना महागाई निर्देशांकात आहे. औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक, ज्यावर महागाई भत्ता ठरतो, ऑगस्ट २०२० मध्ये ३३८ होता आणि सप्टेंबरमध्ये ११८. भाव कोसळले नव्हते. २००१ हे पायाभूत वर्ष जाऊन २०१६ आलं होतं, आणि जुन्या-नव्याला जोडणारा गुणक २.८८ होता. हा गुणक माहीत नसलेल्याने संगणकात आकडे भरून रेषा काढली, तर तिथे कडा तुटल्यासारखी दिसते. तरुण संशोधकांना आणि पत्रकारांना माझं सांगणं असतं की निर्देशांकाची रेषा हाती घेतली की आधी पायाभूत वर्ष विचारा, मग पुढचं.

याच घरातला दुसरा घोटाळा म्हणजे पातळी आणि दर यांची गल्लत. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोने कहर केला आणि किरकोळ महागाईचा दर ७.४४ टक्के झाला. जुलै २०२४ मध्ये तो साडेतीन टक्क्यांच्या आसपास आला. दराची रेषा खाली उतरली आणि महागाई निम्म्यावर आल्याच्या बातम्या झाल्या. घर चालवणारीला हे पटलं नाही, आणि तिचंच बरोबर होतं. जुलै २०२२ ला १०० मानलं तर २०२३ मध्ये १०७ च्या पुढे आणि २०२४ मध्ये १११ च्या पुढे, म्हणजे पातळीची रेषा चढतच होती. दर उतरला याचा अर्थ चढण्याचा वेग कमी झाला एवढाच. त्यातही मागच्या वर्षीचा जुलै आधीच उंच असल्यामुळे यंदाचा दर कमी दिसला. राष्ट्रीय उत्पन्नाच्या बाबतीत हे अधिक ठळक आहे. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचं उत्पादन वर्षापूर्वीच्या तुलनेत सुमारे २४ टक्क्यांनी घटलं. पुढच्या वर्षी त्याच तिमाहीत २०.१ टक्के वाढ जाहीर झाली. दराच्या रेषेत हा उभा चढ दिसतो. पातळीच्या हिशेबात मात्र १०० चे ७६ झाले आणि ७६ चे सुमारे ९१. दोन वर्षांनंतरही नऊ रुपये परत आलेले नव्हते.

दिवाळीचंही असंच. सुरतेच्या कापड बाजारात दिवाळीनंतर माग बंद राहतात, कारागीर गावी जातात, आणि उत्पादनाची रेषा दरवर्षी तिथे वाकते. एवढं असतं तर सवयीने कळलं असतं. पण दिवाळी कधी ऑक्टोबरात येते, कधी नोव्हेंबरात. २०२२ मध्ये ती २४ ऑक्टोबरला होती, २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला. त्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये देशाच्या औद्योगिक उत्पादनाची वाढ अकरा टक्क्यांच्या वर दिसली आणि नोव्हेंबरात अडीच टक्क्यांच्या आसपास उतरली. अर्थव्यवस्था महिन्याभरात तेजीतून मंदीत गेली नव्हती, सण सरकला होता. रिझर्व्ह बँक मासिक मालिकांचे हंगामी घटक दरवर्षी आपल्या पत्रिकेत छापते, ते याच कामासाठी. मला वाटतं, सणांच्या देशात महिन्याची रेषा दाखवताना दिवाळी कुठे आली, ते एका उभ्या खुणेने दाखवणं सक्तीचं असावं. कापडाच्या आकृतीत जुलै २०१७ ची खूणही हवी. त्या महिन्यात जीएसटीविरुद्ध सुरतेच्या व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली होती. तिच्याशिवाय ती घसरण मागणीची वाटते.

मोजणीतल्या खंडांचा विषय मला सगळ्यांत जास्त महत्त्वाचा वाटतो. २०२० च्या टाळेबंदीत भाव गोळा करणारे कर्मचारी बाजारात जाऊ शकत नव्हते. एप्रिल महिन्याचा देशभरचा किरकोळ महागाईचा आकडा त्यामुळे वेळेवर निघालाच नाही. नंतर एप्रिल आणि मे यांचे आकडे अनुमानाने भरून प्रसिद्ध झाले. सांख्यिकी मंत्रालयाने ते अनुमानित असल्याचं स्पष्ट लिहिलं होतं. आज कुठल्याही संकेतस्थळावर ही मालिका पाहा, रेषा त्या दोन महिन्यांवरून अखंड जाते. आता तो काळ चलथाणच्या परिसरात कसा होता? ४ मे २०२० रोजी कडोदऱ्याजवळच्या वरेलीत गावी जाऊ द्या म्हणत कामगार रस्त्यावर आले आणि पोलिसांशी चकमक झाली. पगार थांबले होते, खाणावळी बंद होत्या. ज्या आठवड्यांत भाव जाणून घेण्याची सर्वांत जास्त गरज होती, त्याच आठवड्यांचे भाव पुरेसे नोंदवले गेलेले नाहीत, आणि रेषा पाहून ते कळतही नाही. अशा ठिकाणी रेषा तोडावी, निदान तुटक काढावी. चित्र कमी सुंदर होईल, पण खरं होईल.

उभ्या अक्षाच्या प्रमाणाबद्दल अर्थशास्त्रज्ञ दीडशे वर्षांहून जास्त काळ सांगत आले आहेत. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्सने १८६३ साली सोन्याचं मोल घटल्याचं दाखवताना भाव लघुगणकी प्रमाणावर काढले. आयर्व्हिंग फिशरने १९१७ मध्ये अशा गुणोत्तरी आलेखाचा आग्रह धरला. कल्पना अवघड नाही. साध्या प्रमाणात प्रत्येक रुपयाला सारखी उंची मिळते, लघुगणकी प्रमाणात प्रत्येक टक्क्याला. सेन्सेक्स घ्या. १९७८-७९ मध्ये तो १०० धरला गेला. २८ एप्रिल १९९२ रोजी, हर्षद मेहता प्रकरण उघड झाल्यानंतर, तो एका दिवसात ५७० अंकांनी पडला. ४ जून २०२४ रोजी, लोकसभेचे निकाल लागत असताना, तो ४,३९० अंकांनी पडला. साध्या प्रमाणावर दुसरी घसरण पहिलीच्या जवळजवळ आठपट दिसते. टक्क्यांत मात्र पहिली १२.७७ होती आणि दुसरी ५.७४. ज्या कुटुंबांनी १९९२ मध्ये पैसे गमावले, त्यांचा अनुभव साध्या प्रमाणावरच्या पन्नास वर्षांच्या आलेखात तळाशी चिकटलेल्या सपाट रेषेत हरवतो. बाजार आता जास्त भयानक झाला आहे, असं त्या आलेखावरून वाटतं, आणि बाजार पूर्वी शांत होता, असंही वाटतं. दोन्ही चूक.

लघुगणकी प्रमाणालाही मर्यादा आहे. त्यात शून्य नसतं, ऋण तर नाहीच. २० एप्रिल २०२० रोजी न्यूयॉर्कच्या बाजारात कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. मुंबईच्या एमसीएक्स या वायदे बाजारात त्या दिवशी टाळेबंदीच्या वेळापत्रकाप्रमाणे व्यवहार संध्याकाळी पाचला थांबले होते, तेव्हा भाव धनच होता. रात्री न्यूयॉर्कचा भाव शून्याखाली गेला आणि एमसीएक्सने आपल्या करारांचा हिशेब उणे २,८८४ रुपयांवर केला. पाच वाजता पडद्यावर थांबलेली रेषा पाहून झोपलेल्यांना सकाळी आपण विकत घेतलेल्या तेलासाठी वर पैसे भरावे लागणार, हे कळलं. रेषा खोटी नव्हती. ती जिथे थांबली, तिथे बाजार थांबला नव्हता.

तेलाचा सुरतेशी संबंध सरळ आहे. नाफ्था, त्यापासून पॅराझायलीन, मग पीटीए, आणि एमईजी मिसळून पॉलिएस्टर. म्हणून तेलाची आणि सुताची रेषा सोबत हलते, थोड्या उशिराने. इथे कार्यकारणाची साखळी माहीत आहे, म्हणून सोबत हलण्याला अर्थ आहे. ती माहीत नसताना दोन रेषा सोबत चढल्या म्हणून नातं जोडणं धोक्याचं. अडनी यूल यांनी १९२६ मध्ये इंग्लंडमधलं चर्चमध्ये होणाऱ्या विवाहांचं प्रमाण आणि मृत्युदर यांच्या १८६६ ते १९११ च्या मालिका घेतल्या. सहसंबंध ०.९५ निघाला. दोन्ही गोष्टी काळाबरोबर उतरत होत्या, बाकी काही नव्हतं. यावरचा उपाय आजही तोच आहे: पातळ्या बाजूला ठेवून महिन्यागणिक होणारे बदल एकमेकांशी जुळतात का, ते पाहावं.

आता त्या प्रश्नाकडे येतो, जो चलथाण-कडोदऱ्यातल्या तरुणांच्या दृष्टीने पैशांचा आहे: मागची रेषा पाहून पुढची सांगता येते का? बाजारातली भाषा ठाम असते. सपोर्ट, रेझिस्टन्स, टार्गेट, स्टॉपलॉस. दोनशे दिवसांची सरासरी तोडली की तेजी. संशोधन इतकं ठाम नाही. १९२७ मध्ये येवगेनी स्लुत्स्की यांनी सोडतीच्या आकड्यांची सरकती बेरीज केली आणि तिच्यातून व्यापारचक्रासारख्या सुबक लाटा निघाल्या. सरासरी काढण्याच्या क्रियेतूनच लाट जन्मते, हे त्यांनी दाखवलं. मॉरिस केंडॉल यांनी १९५३ मध्ये शिकागोचा गहू, न्यूयॉर्कचा कापूस आणि ब्रिटिश शेअर निर्देशांक तपासले, आणि या आठवड्याच्या बदलावरून पुढच्या आठवड्याचा अंदाज बांधण्याजोगं फारसं काही सापडलं नाही. १९५९ मध्ये हॅरी रॉबर्ट्स यांनी यादृच्छिक आकड्यांपासून रेषा काढल्या. त्यांत चार्ट वाचणाऱ्यांच्या ओळखीच्या ‘डोकं आणि खांदे’सारख्या आकृत्या दिसत होत्या. विरुद्ध बाजूही सांगायला हवी. अँड्र्यू लो आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये अमेरिकी शेअरांच्या १९६२ ते १९९६ च्या भावांवर या आकृत्या संगणकाकरवी शोधल्या, तेव्हा काहींमध्ये थोडी माहिती असल्याचं आढळलं. थोडी माहिती असणं आणि दलाली, कर भरून नफा उरणं यांत मोठं अंतर आहे.

ते अंतर सेबीच्या, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाच्या, आकड्यांत दिसतं. सप्टेंबर २०२४ च्या अहवालानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअरच्या फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. पुढच्या वर्षीही तोट्यात जाणाऱ्यांचं प्रमाण ९१ टक्के होतं. मीटरवर मजुरी घेणाऱ्या मुलाने रात्रपाळीनंतर पाच मिनिटांच्या चार्टवर पैसे लावावेत, हे मला बघवत नाही. त्याला रेषा वाचायला शिकवणाऱ्यांनी आधी हा ९३ चा आकडा शिकवायला हवा.

शेतीतही मागच्या रेषेवर विसंबून तोटा होतो. २०२२ च्या सुरुवातीला कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या हंगामात खानदेश-विदर्भातल्या अनेक शेतकऱ्यांनी तो भाव पुन्हा येईल म्हणून कापूस घरात थांबवला, आणि भाव उतरत गेला. लांब धाग्याच्या कापसाचा त्या हंगामाचा हमीभाव ६,३८० होता. रेषा नजरेसमोर ठेवताना हा पायाही सोबत असायला हवा होता. उसात तर चक्रच आहे. देशाचं साखर उत्पादन २००६-०७ मध्ये सुमारे २८३ लाख टन होतं, दोन वर्षांनी १४५ लाख टनांवर आलं. २०१६-१७ च्या सुमारे २०३ लाख टनांवरून पुढच्याच हंगामात ३२५ च्या आसपास गेलं. आजच्या भावावर लागवड, आणि माल येईपर्यंत भाव वेगळा. मॉर्डेकाय इझिकेल यांनी १९३८ मध्ये या फेऱ्याची मांडणी कोळ्याच्या जाळ्याच्या नावाने केली. भावाच्या रेषेशेजारी लागवडीच्या क्षेत्राची रेषा ठेवली, तर शेतकऱ्याला यातलं पुष्कळ आधी दिसू शकतं. लागवडीची नोंद कारखान्याकडे असतेच. भाव मोबाइलवर येतो, क्षेत्र येत नाही, हीच अडचण.

कोणती रेषा पाहायची हा प्रश्न तंत्राच्या पलीकडचा आहे, आणि तो आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी एका मराठी माणसाने नेमका पकडला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ १९२३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. १८७० च्या दशकाच्या आरंभी दोन शिलिंगांच्या आसपास असलेला रुपया चांदी घसरल्याने उतरत गेला, १८९३ मध्ये टांकसाळी बंद झाल्या आणि पुढे विनिमयाचा दर एक शिलिंग चार पेन्सवर धरून ठेवण्यात आला. विनिमयाची रेषा आडवी झाली याचं सरकारला समाधान होतं. आंबेडकरांनी विचारलं ते दुसऱ्या रेषेबद्दल: देशातल्या वस्तूंच्या हिशेबात रुपयाचं मोल स्थिर आहे का? केन्सने गौरवलेल्या सुवर्ण-विनिमय पद्धतीवर त्यांची टीका याच मुद्द्यावर होती. लंडनला पैसे पाठवणाऱ्याला विनिमय दर महत्त्वाचा. बाजारात धान्य घेणाऱ्याला रुपयाची क्रयशक्ती. आजही डॉलरची रेषा रोज पहिल्या पानावर असते. ती वर गेली की रुपया खाली गेला, हे उलटं गणित वाचकाला रोज मनात सोडवावं लागतं. मजुरीच्या क्रयशक्तीची रेषा कुठल्याच पानावर नसते.

ती काढता येण्यासारखी आहे. कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीच्या जोडीला, टनामागे मिळणारी मजुरी ठरलेली असते आणि तुटलेल्या उसाचं वजन कारखान्याच्या काट्यावर पावतीनिशी नोंदलं जातं. मागावरच्या कारागिराला मीटरमागे काय मिळतं, ते खात्याच्या वहीत असतं. सुरत हे औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकाचं केंद्र आहे, म्हणजे इथल्या बाजारातले भाव दर महिन्याला सरकारी नोंदीत जातात. टनाच्या मजुरीला सुरतेच्या निर्देशांकाने भागलं, पायाभूत वर्ष बदललं तिथे जोडगुणक लावला, २०२० च्या उन्हाळ्यात रेषा तोडली आणि मजुरीच्या पायऱ्या पायऱ्यांसारख्याच ठेवल्या, तर ऊसतोडीच्या घामाची गेल्या वीस वर्षांतली किंमत एका पानावर येईल. दोन मजुरीवाढींमधल्या प्रत्येक लांब पायरीवर ती रेषा हळूहळू खाली घसरताना दिसेल. कारखान्याच्या वार्षिक सभेत उसाच्या भावाचा आलेख सभासदांपुढे येतो तेव्हा हाही आलेख शेजारी यावा, आणि गुजरातीबरोबर मराठीतही छापला जावा; तोडणाऱ्यांपैकी पुष्कळांना वाचता येईल ती भाषा तीच आहे.